बेटावरचा शिंपी

बेटावर हुकूमशहा होऊन राज्य करायचा तो गेम बाजारात यायला आठवडाच उरला होता. डोळ्यांत तेल घालून त्यातल्या चुका शोधणं हे कंपनीतल्या एका तरुण मुलीचं काम. ती म्हाताऱ्या प्रोग्रामरच्या टेबलाशी आली.

"काका, एक गडबड आहे. हुकूमशहाने ज्याला उचलून नेलं, तो बेटावर पुन्हा दिसता कामा नये ना? बाकी सगळे बरोबर गायब होतात. एक शिंपी तेवढा नाकावर टिच्चून संध्याकाळी घरी येतो. कितीदाही अटक करा, येतोच."

"आणखी काही?"

"त्याच्या घराचं दार लागत नाही. रात्रभर सताड उघडं असतं."

काकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले.

"ती चूक नाही. मीच तसं लिहिलंय."

"पण काका, हे पटणार कोणाला? असं नेलेलं माणूस कधी परत येतं का?"

"नाही येत," काका म्हणाले. "पण बाबांना नेल्यापासून आईने मरेपर्यंत दाराला कडी लावू दिली नाही."