अनुक्रमणिकेतली टीप

उमरग्यात डीटीपी करणारी वर्षाराणी आण्णासाहेब गुरुजींच्या पुस्तकाची पानं लावत होती. भूकंपाआधीचं आपलं सास्तूर गाव त्यांनी लिहिलं होतं. हस्तलिखिताच्या समासात त्यांच्या दिवंगत पत्नीच्या, द्वारकाबाईंच्या, पेन्सिलीतल्या टिपा होत्या. त्याही पुस्तकात समासातच घ्यायच्या होत्या. संगणकावर मथळ्याला जोडलेली टीप मात्र समासाबरोबर अनुक्रमणिकेतही उमटत होती. ‘आमचं घर’ या नोंदीपुढं दिसलं: ‘दार पूर्वेला नव्हतं, कडुलिंबाकडं होतं. ह्यांना काही आठवत न्हाय.’ वर्षाराणी ओशाळली. टिपा मथळ्यांतून काढून तिनं खालच्या मजकुराला जोडल्या. अनुक्रमणिका स्वच्छ झाली. शेजारी बसलेले गुरुजी पडद्याकडं पाहत राहिले. भूकंपात मातीत गेलेल्या त्या दारावरून ते आणि द्वारकाबाई वर्षभर भांडले होते. “एवढी एक टीप परत वर घाल,” ते म्हणाले. “गुरुजी, लोक चूक समजतील.” “समजू दे. पुस्तक उघडताच त्यांना तिचाच आवाज येऊ दे. दार कडुलिंबाकडंच होतं. मी तिला तसं कधी बोललो न्हाय.”