तिसरा म्यूट

“पाठ फिरव,” वादक म्हणाला.

बायकोने स्टूल भिंतीकडे वळवलं. म्यूट निवडायची त्यांची ही जुनी रीत. डोळ्यांना चकचकीत वस्तूची भुरळ पडते, म्हणून ऐकणाऱ्याने बघायचं नाही. दुकानदार तिच्या समोर भिंतीला टेकून उभा राहिला.

काउंटरवर तीन खोकी होती. ट्रोंबोनच्या भोंग्यात बसवायचे, आवाज मऊ करणारे कप म्यूट. बँडमध्ये जन्मभर शेजारच्या खुर्चीवर बसलेला मित्र मागच्या आठवड्यात गेला होता. रविवारी शोकसभेत वादक त्याची आवडती धून वाजवणार होता, अगदी हळू. पण ट्रंपेटवाल्यांच्या पुढ्यात बसून बसून वादकाच्या स्वतःच्या कानांचे बारा वाजले होते. आपला आवाज कसा लागतोय, हे त्याला आता बायकोच सांगायची.

“तू नाही म्हणालीस तर नाही वाजवणार,” घरून निघतानाच तो म्हणाला होता. “रविवारीही नाही आणि पुढे कधीच नाही. तुझ्या कानांच्या भरवशावर तर चाललंय सगळं.”

“माझ्या कानांना काय धाड भरलीय?” ती म्हणाली होती. रस्ता ओलांडताना मात्र तिने त्याचा दंड घट्ट धरला, हल्ली धरायची तसाच.

पहिला म्यूट पुठ्ठ्याचा होता. वादकाने धुनेची सुरुवात वाजवली. दुकानदाराने नाक मुरडलं.

“नको हा,” बायको म्हणाली. “नरडं दाबल्यासारखा येतोय.”

“अगदी माझ्या मनातलं बोललात, वहिनी!”

“तुमचं मन तोंडावरच असतं, भावजी.”

दुसरा अॅल्युमिनियमचा. दुकानदाराच्या भुवया वर गेल्या, मग त्याने खालचा ओठ पुढे काढला.

“खणखणीत आहे,” ती म्हणाली, “पण ओलावा नाही.”

दुकानदार थक्क झाला. इतकी वर्षं वाद्यं विकून त्यालाही हे इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

वादकाने तिसरं खोकं पुढे ओढलं. हा महागातला, कप मागेपुढे सरकवता येणारा.

“तो असता तर पहिल्या फुंकरीलाच सांगितलं असतं त्याने,” वादक पुटपुटला.

गेलेला मित्र दुकानदाराचंही जुनं गिऱ्हाईक. याच स्टुलावर बसून तो तासन् तास थट्टामस्करी करायचा. दुकानदाराने डोळे मिटले. त्याची मान नकळत डोलू लागली आणि गालावरून पाणी ओघळलं.

त्याच्याकडे बघता बघता बायकोचाही पदर डोळ्यांना गेला.

“हाच घ्या, अहो,” हुंदका आवरत ती म्हणाली. “थेट काळजाला भिडतोय. रविवारी हाच वाजवा.”

दुकानदाराने दचकून वादकाकडे पाहिलं. वादकाने ओठांवर बोट ठेवलं. तिसरं खोकं अजून उघडायचंच होतं.