अ‍ॅप नको, वही बरी

"वहीत माणूस काहीही लिहू शकतो. मोबाईलमध्ये तसं चालत नाय," सरिताताई म्हणाली आणि तिनं मंजुषाचा मोबाईल हातात घेतला.

मंजुषानं आपली वही मांडीवर ओढून घेतली.

सरिताताई म्हणजे तिची मोठी नणंद, पतसंस्थेत नोकरीला. भावानं पडेगावला फ्लॅट घ्यायचा तर हप्ता किती झेपेल ते आधी कळलं पाहिजे, आणि त्यासाठी तीन महिने घरखर्च काटेकोर मांडला पाहिजे, असं तिनं बजावलं होतं. कशात मांडायचा, तेवढं ठरवायला ती आज छावणी भागातल्या तिच्या घरून मुद्दाम आली होती. एक अ‍ॅप बँकेचे मेसेज वाचून खर्च आपोआप टिपायचं. दुसऱ्यात दूध, किराणा, दळण असे रकाने स्वतः भरायचे आणि हिशोब नवरा-बायको दोघांच्या मोबाईलवर दिसायचा. तिसरी मंजुषाची निळ्या पुठ्ठ्याची वही. तिला ताई हिशोबात धरायलाही तयार नव्हती.

"दुसरंच घ्या," ताई म्हणाली. "यात पावतीचा फोटो पण टाकता येतो. दूधवाल्याचं कार्डसुद्धा."

दूधवाल्याच्या कार्डावर रोजचं एक लिटर होतं. वहीत दीड.

दोन वर्षं हे असंच चाललं होतं. दुधातले, दळणातले, भाजीतले मिळून महिन्याला दीड हजार बाजूला पडायचे आणि मंजुषाबरोबर एसटीनं वैजापूरला जायचे. तिथं तिचे आबा, म्हणजे वडील रामकिसन, एकटे राहत. मार्केट यार्डात हमाली करून पाठ कामातून गेलेली. लेकीच्या घरी चहा घेतला तरी कपाखाली दहाची नोट ठेवून उठणारा माणूस. तो लेकीच्या संसारातला पैसा कसला घेतोय! वृद्धांच्या सरकारी पगारासाठी तिनं त्यांचा अर्ज भरला होता, तो नामंजूर झाला. ती मात्र आबांना म्हणाली, "मंजूर झाला. खात्यातून काढून मीच आणून देत जाईन." आबांनी सरकारला हात जोडले. तेव्हापासून ती गेली की ते न विचारता सांगायचे, दूध लावलंय, पाठीच्या गोळ्या चालू आहेत. तेवढं ऐकलं की तिचा पुढचा महिना निघायचा.

शिवमला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं असतं तर त्यानं खुशीनं दिले असते. पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या भावकीला ठाऊक. पुढच्याच भेटीत सासऱ्याला म्हणाला असता, "मामा, अजून लागले तर सांगा." आणि आबांनी त्या दिवसापासून दूध आणि गोळ्या दोन्ही बंद केल्या असत्या. म्हणून ती गप्प राहिली आणि भोळ्या नवऱ्याच्या घामाचे पैसे खोट्या आकड्यांखाली दडवत राहिली. चोरीच होती ती. वही लिहिताना दर वेळी तिला स्वतःची लाज वाटायची, आणि तरी ती लिहायची.

"आता उत्पन्न सांग," ताई भावाकडे वळली. "पगार झाला. अन् ओव्हरटाइम?"

"ताई, वहीच राहू दे की," शिवम म्हणाला.

"आँ? हे तू म्हणतोस? भेंडीसुद्धा मोबाईलवर मागवतोस अन् हिशोबाला वही?"

"ओव्हरटाइम रोख मिळतो, कमीजास्त होतो. तो काय टाकणार? अन् मंजू एवढी नेमानं लिहिते. ती लिहील ते खरं."

ते ऐकून मंजुषाला धरणी दुभंगावी असं झालं. त्यानं संशय घेतला असता, दोन शब्द सुनावले असते, तरी बरं वाटलं असतं. हा विश्वास तिला सोसवेना.

"तुम्हा दोघांचं काय ते ठरवा अन् रविवारी कळवा," ताई वैतागून उठली. चहाही अर्धा टाकून गेली.

तिला खाली सोडून शिवम वर आला. मंजुषा वही मांडीवर घेऊन बसली होती. आज सांगायचंच. फ्लॅट नाही झाला तरी चालेल, त्यानं चार दिवस अबोला धरला तरी चालेल. फक्त आबांना कळू देऊ नका, एवढी एकच अट घालायची.

"अहो, आपण अ‍ॅपच घेऊ," ती म्हणाली. "या वहीत..."

"थांब. आधी माझं ऐक. परत मला धीर व्हायचा नाय." तो समोर जमिनीवरच बसला. "ओव्हरटाइम दीड वर्षापासून बंद आहे, मंजू."

"मग दर महिन्याला तुम्ही आणून देता ते?"

शिवमची मान खाली गेली.

"कंपनीच्या गाडीनं नाशिकला जाताना मी वैजापूरला उतरतो, तुझ्या आबांकडं. ओव्हरटाइम बंद झाल्याचं एकदा बोलून गेलो त्यांच्यापाशी. तेव्हापासून दर खेपेला दीड हजार माझ्या खिशात कोंबतात. पोरीला कळू द्यायचं नाय म्हणून शपथ घातली. मी लई नाय नाय म्हणलो. सासऱ्याचं खातोय, घास उतरत नाय माझ्या घशाखाली."

मंजुषानं मांडीवरची वही मिटली.

"पण ते ऐकतच नाहीत," शिवम म्हणाला. "म्हणतात, 'घ्या जावईबापू, लेकीच्या घरचं थोडंच आहे, सरकार देतंय. मी त्यातल्या एका रुपयाला हात लावत नाय.'"