थोरल्या आजोबांची तिथी

माझ्या रहस्यकथांचं मूळ आमच्याच घरात आहे. आजोबांचा थोरला भाऊ कोरियन युद्धाच्या धामधुमीत आन्दोंगच्या आमच्या घरातून निघाला आणि नाहीसा झाला. "कुठे मेला, कधी मेला, कुणाला ठाऊक!" हे सांगताना आजोबा दरवेळी डोळे पुसायचे. घराण्याचा इतिहास धुंडाळून मी तीन कादंबऱ्या लिहिल्या. एकीत शेजारी खुनी निघाला, दुसरीत पोलीस, तिसरीत सैनिक. प्रत्येक वेळी वाचून झालं की आजोबा हसायचे, "लेखिकाबाई, खरा खुनी काही सापडत नाही हं तुला!"

काल थोरल्या आजोबांचं श्राद्ध होतं. मी भोपळ्याचे काप तळत होते. शेजारी बसलेली नवी वहिनी सहज म्हणाली, "वन्सं, माझेही एक चुलत आजोबा युद्धात हरवले. तिथी ठाऊक नाही, म्हणून ते घरातून निघाले त्या दिवशी आम्ही त्यांचं श्राद्ध घालतो. तुमच्याकडेही तसंच का?"

"छे गं," आई म्हणाली, "घरातून गेले ते उन्हाळ्यात. आजची ही मृत्यूची तिथी. मामंजींनीच सांगितलेली. एकही वर्ष चुकवली नाही त्यांनी."

माझ्या तव्यावरचा काप करपला. इतकी वर्षं मी त्या पुसलेल्या डोळ्यांवर विश्वास ठेवला होता.

बाहेर नैवेद्याचे चेस्टनट सोलत बसलेल्या आजोबांनी हाक मारली, "काय लेखिकाबाई, सापडला का खुनी?"