गंपूमामांचे चुलतभाऊ

“हेसुद्धा गंपूमामा नाहीत. हे त्यांचे चुलतभाऊ!”

यशोधराताईंचा मेसेज वाचून वैदेही पलंगावर एकटीच हसत सुटली. स्वयंपाकघरातून यज्ञेशनं डोकावलं.

“काय झालं?”

“माझं उत्तर परत चुकलं.”

“आणि त्यावर हसतेयस?”

त्याला बरंच वाटलं. स्कूटरवरून पडून पाय मोडल्यापासून वैदेही शिरगावच्या त्या फ्लॅटमध्ये अडकून पडली होती. प्लास्टर निघालं तरी पाऊल टेकवायची तिला भीती वाटायची. बोलणंही कमी झालं होतं. तेव्हा तिच्या ऑफिसमधल्या कीर्तीनं तिला ‘डोळे फाडून बघा’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं.

ग्रुप यशोधराताईंचा. त्या अंबरनाथ पश्चिमेला राहायच्या, एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करायच्या. वैदेहीनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांचा आवाजही ऐकला नव्हता. पण रोज सकाळी त्यांचं चित्र यायचं. कोथिंबिरीच्या ढिगात पोपट शोधा. दुधी भोपळ्यांमध्ये बाळाचा पाय शोधा. एकदा नुसता बटाट्यांचा फोटो होता: ‘यातला सोसायटीचा सेक्रेटरी ओळखा.’ उत्तर आलं: ‘मधोमध बसलाय आणि काहीच करत नाही, तो.’

वैदेहीच्या पायाचं कळल्यावर ताईंनी तिला वेगळा मेसेज केला होता. ‘आज पाऊल टाकलंस का? नसेल सापडत तर पलंगाखाली बघ.’ दुसऱ्या दिवशी वैदेही भिंत धरून बाल्कनीपर्यंत गेली.

रविवारी मात्र गंपूमामा. ताईंनी स्वतः काढलेलं एक व्यंगचित्र होतं. उंच, किडकिडीत म्हातारा, डावी भुवई अर्धीच, शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं, एक हात पाठीमागे नेऊन दुसऱ्या हाताचं कोपर धरलेलं. हे मामा गर्दीत शोधायचे. गर्दीचे फोटो ग्रुपमधल्यांनीच पाठवायचे: बाजारातले, जत्रेतले, लग्नातले. कुणीतरी एखाद्या म्हाताऱ्याभोवती लाल गोल करायचं आणि ताई म्हणायच्या, चुलतभाऊ. असे कितीतरी चुलतभाऊ झाले. उल्हासनगरात पडद्यांच्या दुकानात काम करणारा मुकेश एकदा वैतागला. ‘ताई, मामा है भी की नहीं? का नुसतंच आम्हाला गंडवताय?’

‘आहेत रे. तू फोटो पाठवत राहा.’

लोक इतके नादावले होते, की बाहेर पडल्यावर आधी गर्दीचा फोटो काढायचे. वैदेहीला ताईंचं फार कौतुक वाटायचं. नोकरी करून, घर सांभाळून रोज शेकडो अनोळखी माणसांना हसवायचं म्हणजे काय खायचं काम आहे! ‘यांना कसली काळजीच नसेल,’ ती एकदा यज्ञेशला म्हणाली. ‘काळजी असलेल्या माणसाला असलं सुचतं का?’

एकदाच तिला ताईंचं वागणं खटकलं. कुणीतरी ग्रुपवर हरवलेल्या आजींचा फोटो टाकला होता. सगळ्यांनी पटापट हात जोडले. वैदेहीनंही. थोड्या वेळानं ताईंनी विचारलं, ‘वर न जाता सांगा, आजींच्या साडीचा रंग कोणता होता?’

कुणालाच सांगता आलं नाही. असल्या गोष्टीचंही कोडं करतात का, असं वैदेहीच्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी ताईंचं नेहमीसारखं चित्र आलं. ग्रुपही ते विसरून गेला.

त्या रविवारी दुपारी मुकेशनं फोटो पाठवला. तो चामटोलीला मावसबहिणीच्या हळदीला गेला होता. मांडवात पंगत बसलेली, पन्नासेक माणसं. वैदेही फोटो मोठा करून एकेक चेहरा बघत गेली. जेवणाऱ्यांत कुणी नव्हतं. मांडवाच्या कडेला, पाण्याच्या पिंपाजवळ उष्ट्या पत्रावळ्यांची टोपली होती. तिच्या बाजूला एकजण उभा होता. मळका शर्ट, बटण गळ्यापर्यंत. हात पाठीमागे, कोपर धरलेलं. तिनं आणखी मोठं केलं. डावी भुवई अर्धीच.

“यज्ञेश, अरे सापडले!” ती ओरडली. तिनं लाल गोल केला आणि खाली लिहिलं, ‘आता चुलतभाऊ म्हणायचं नाही हं!’

ग्रुपवर हसण्याचा पूर आला. ‘ताई हरल्या!’ ‘मामा मिल गया!’ ‘पार्टी द्या!’

ताईंचं उत्तर येईना. एरवी त्यांचा विनोद लगेच यायचा. वैदेहीला वाटलं, हरल्या म्हणून रुसल्या की काय. तेवढ्यात फोन वाजला. ताईंचाच.

“वैदेही, फोटो आजचा आहे?”

“हो ताई, आत्ताचाच. मुकेश तिथेच आहे अजून. बरोबर आहे ना उत्तर?”

“भुवईच्या वर टाक्यांची खूण आहे का गं? तू बघ. मला धड दिसत नाहीये.”

वैदेहीनं पाहिलं. “आहे, ताई.”



“मुकेशला सांग, त्यांना जेवायला बसव म्हणावं. हाताला धरून बसव. कुठे जाऊ देऊ नको. आम्ही रिक्षा करून निघतोच.”

“ताई, पण...”

ताईंनी फोन कानापासून दूर नेला असावा. वैदेहीला त्यांची हाक लांबून ऐकू आली.

“आई, चप्पल घाल. बाबा सापडले.”