पहिला कागद

"झाड कोणी वाचवलं, ते सांगा आधी." अंबरीशने लाल पेन्सिल विनताच्या दिशेने रोखली. "तुमच्या नकाशात तिथे गाडी उभी होती, विनताजी."

"होती," विनता म्हणाली.

भेडाघाट रोडवरच्या नव्या घराच्या अंगणात चार खुर्च्या मांडल्या होत्या. मधोमध मोहाचं जुनं झाड होतं. वास्तुशांत दुपारी होती. सकाळी चौघंच जमले होते: अंबरीश टेंबे, विनता, घराच्या मालकीण वसुधाताई आणि बापूसाहेब कीर्तने.

बापूसाहेबांनी चाळीस वर्षांपूर्वी जबलपूरच्या नेपियर टाऊनमध्ये आर्किटेक्टचं ऑफिस काढलं. ऑफिस लहानसंच. विनताने घर कागदावर काढायचं, अंबरीशने ते विटा-सिमेंटात उभं करायचं. सात वर्षं दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. पण बोलताना 'जी' इतकं काटेकोर, की नव्या माणसाला वाटावं, केवढा आदर!

आता बापूसाहेब थकले होते. ऑफिस एकाच्या हाती द्यायचं होतं. कोणाच्या, ते आज पाकीट ठरवणार होतं.

पाकिटाची रीत बापूसाहेबांचीच. डिझाइन करणाऱ्याने मालकाबरोबर बसून काढलेला पहिला कागद पाकिटात घालायचा आणि लाखेने बंद करायचा. साइट बघणाऱ्याने तो पाहायचा नाही, फक्त पाकिटावर तारीख घालून सही करायची. वास्तुशांतीच्या दिवशी पाकीट फोडायचं. घर कागदापासून किती लांब आलं ते बघून सगळे हसायचे आणि लाडू खायचे.

या वेळी हसायला कोणी आलं नव्हतं. घर कागदासारखं निघालं तर ऑफिस विनताचं. नाही निघालं, तर घराचं श्रेयही अंबरीशचं आणि ऑफिसही. दुसऱ्याने आपलं सामान उचलायचं. अट अंबरीशनेच घातली होती.

त्याला घोर नव्हता. विनताच्या नकाशात चूक काढल्याशिवाय त्याला जेवण जात नसे, आणि या घरावर तो दोन वर्षं भरपेट जेवला होता. तिने जिना हॉलच्या मध्यात काढला, त्याने तो उत्तरेच्या भिंतीला लावला. तिने नर्मदेच्या बाजूला हातभर खिडक्या दिल्या, त्याने जमिनीपासून छतापर्यंत उंच केल्या. झाड कापायला निघालेली आर्किटेक्ट, हे तर त्याने जबलपूरभर सांगून झालं होतं.

विनता कडकडून भांडायची. ऑफिस दणाणायचं. तिसऱ्या दिवशी मात्र त्याच्या लाल खुणांप्रमाणे नकाशा दुरुस्त करून त्याच्या टेबलावर आपटायची. तो आवाज त्याला फार आवडायचा.

वसुधाताईंनी तर एकाही बदलाला नाही म्हटलं नाही. कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंना चांगलं-वाईट कळतं, असं त्याचं मत झालं. नशीबही जोरावर होतं. उंच खिडक्यांचं माप द्यायला तो अधारतालला रामराव सुताराकडे गेला, तर त्याच मापाचं सागवान कापून तयार. "पडून आहे, साहेब," रामराव म्हणाले, "घेऊन जा." देव देतो तेव्हा छप्पर फाडके देतो.

दाराशी एक कोनाडा होता. विनताने तो दिव्यासाठी म्हणून डाव्या हाताला काढला होता. अंबरीशने तो उजवीकडे नेला आणि कालच त्यात भेडाघाटच्या संगमरवराची पाटी बसवली: 'रचना आणि बांधकाम: अंबरीश टेंबे'. मागच्या बंगल्यावरही त्याने अशीच, कोणाला न विचारता, पाटी लावली होती. त्यावरून विनता महिनाभर त्याच्याशी बोलली नव्हती. या पाटीवर सध्या पिवळा रुमाल होता.

"काहून भांडून राहिले रे सकाळी सकाळी?" बापूसाहेब म्हणाले. "अजूनही बोला. दोघं मिळून चालवा."

"पाकीट नाही फोडलं तरी चालते, बापूसाहेब," विनता म्हणाली. "घर चांगलं झालं. मला तेवढंच पाहिजे होतं."

अंबरीश हसला. "अच्छा! आता काहून? घाबरून राहिल्या का?"

"नाही जी. तुमच्याचसाठी सांगून राहिले."

"माझी काळजी नका करू. तुम्ही खोके आणले का सामानाला? नसतील तर साइटवरून टाइल्सचे पाठवतो."

विनताचा चेहरा लाल झाला.

"टेंबेजी, राहू द्या ना," वसुधाताई म्हणाल्या. "शुभ दिवस आहे."

"म्हणूनच तर, ताई! आजच फैसला होऊ द्या."

बापूसाहेबांनी पिशवीतून पाकीट काढलं. अंबरीशने त्यावरची आपली सही बघितली. तारीख बघितली: दोन वर्षांपूर्वीची, पाया खोदण्याच्या आधीची. लाख शाबूत होती. त्याने पाकीट सगळ्यांना फिरवून दाखवलं, कोणी नंतर नाही म्हणायला नको.

"चलो, पाटी पण उघडू या लगे हाथ," तो म्हणाला. त्याने आधी जाऊन रुमाल ओढला. संगमरवर उन्हात लखलखला. बापूसाहेबांनी पाटी वाचली आणि मान खाली घातली. विनताने ती वाचलीसुद्धा नाही. अंबरीशला इतका आनंद सात वर्षांत झाला नव्हता. तिथेच उभं राहून त्याने लाल पेन्सिलीच्या टोकाने लाख फोडली आणि कागद उलगडला.

अंगणाच्या मधोमध मोहाचं झाड होतं. जिना उत्तरेच्या भिंतीला होता. नर्मदेकडच्या खिडक्या जमिनीपासून छतापर्यंत होत्या, आणि माप त्याला तोंडपाठ होतं तेच. दाराच्या उजव्या हाताला एक कोनाडा होता. त्याच्याकडे एक बाण काढलेला होता आणि बाणाशी विनताच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'ही जागा अंबरीशजींच्या पाटीसाठी.'