बांधाची पलीकडची बाजू

या खारजमिनीत घर बांधून राहणारी मी पहिलीच. नवरा डोलवीला कंपनीत शिफ्टवर असतो, म्हणून खाडीचं पाणी अडवणारा मातीचा बांध सांभाळणं माझ्याकडे. भरती ओसरली की खेकड्यांनी पाडलेल्या भोकांत चिखलाचा गोळा कोंबायचा आणि तळहाताने दाबायचा. एक भोक राहिलं तरी खारं पाणी भातात शिरतं.

परवा खाडीतून मासेमारीला जाताना गावातल्या पुंडलिककाकांनी होडी थांबवली.

"एकटीच लिंपतेस गो?"

"व्हय."

"खाडीच्या अंगानं पण?"

"नाय. तिकडं गळ्याएवढा गाळ हाय. कोण उतरणार?"

काकांनी बांधाच्या त्या अंगाकडे नजर टाकली. होडी पुढे गेली.

मी बांधावर पालथी पडून खाली वाकले. तिकडचं प्रत्येक भोक बुजवलेलं होतं. प्रत्येक गोळ्यावर पंजा उमटला होता आणि मनगटाशी बांगड्यांच्या रेघा.

भीती नाही वाटली. कोण असेल, एवढंच डोक्यात घोळत राहिलं.

आज एक भोक सापडलं, तेव्हा गोळा न कोंबता खांद्यापर्यंत हात घातला. आत ओला चिखल लागला. सवयीने मी तळहात टेकवून दाबलं.

पलीकडूनही दाबलं.

मग चिखलातून पाच गार बोटं आली आणि माझ्या बांगड्या एकेक करून चाचपू लागली, नव्या शेजारणीच्या चाचपाव्यात तशा.